ग्रिल आतून बसवली

“ग्रिल कुठे आहे?” पी.ए.नी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा खिडकीकडे बोट दाखवलं.

रेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला नवी कोरी लोखंडी ग्रिल होती. आतल्या बाजूनं बसवलेली, चारी कोपरे सिमेंटात गाडलेले, वरून लाल रंगाचा हात मारलेला. इतकी पक्की ग्रिल आमच्या सबडिव्हिजनमध्ये दुसरीकडे नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पी.ए. मुंबईचे होते. त्यांनी ग्रिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातला टाय सैल केला.

“मिस्टर ओव्हरसियर,” ते म्हणाले, “साहेब हिच्यावर कोंबडी कशी भाजणार?”

ग्रिल नावाची भाजायचीही एक वस्तू असते, हे मला त्या क्षणी कळलं. बाहेर व्हरांड्यात मुंबईचे मोठे साहेब आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती.

ओव्हरसियर म्हणजे इंजिनियर आणि मजूर यांच्या मधला माणूस. वरून हुकूम येतात, खालून तक्रारी येतात आणि दोन्ही त्याच्यापाशी येऊन थांबतात. मी घाटंजी भागात रस्ते आणि सरकारी इमारती सांभाळत होतो. आदल्याच वर्षी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. म्हणजे जिल्हा जागचा हलला नव्हता, साहेब बदलले होते. पूर्वी नागपूरचे साहेब येत. त्यांना झणझणीत रस्सा आणि भाकर दिली की ते खूश असत. मुंबईच्या साहेबांना काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि वरच्याला उलट विचारायची आमच्या खात्यात पद्धत नव्हती.

निरोप ट्रंक कॉलनं आला होता. ट्रंक कॉल म्हणजे लांबच्या गावचा टेलिफोन. एक्स्चेंजला सांगून ठेवायचं, वाट पाहायची आणि लागला की घसा फोडून ओरडायचं. मुंबईहून पी.ए. जे बोलले ते असं होतं, की साहेब चिकन आणि व्हेजिटेबल स्क्युअरवर भाजून खातात, इनडोअर ग्रिल तयार ठेवा. स्क्युअर म्हणजे भाजायची सळई. यवतमाळच्या हेडक्लार्कना ऐकू आलं, किचन, व्हेजिटेबल, सिक्युअर, इनडोअर ग्रिल. त्यांनी तेच आमचे डेप्युटी इंजिनियर कानडेसाहेब यांना सांगितलं. कानडेसाहेब पुण्याकडचे. इंग्रजी शब्द अडला तर तो कबूल करणाऱ्यातले ते नव्हते.

“सरळ आहे,” ते मला म्हणाले. “किचनमधली भाजी सिक्युअर करायची आहे. खिडकीला ग्रिल बसवा.”

“सर, इनडोअर म्हणजे?”

“ग्रिल आपण बाहेरून बसवतो, ती आउटडोअर. आतून बसवली की इनडोअर. डिप्लोमा कुठून केलात तुम्ही?”

“नागपूरहून.”

“तरीच.”

मलाही ते पटलं होतं. त्या रेस्ट हाऊसमध्ये वानरांचा फार त्रास. मागच्या एका साहेबांचा कोबी एका हुप्प्यानं खिडकीतून नेऊन समोरच्या कडुलिंबावर बसून सगळ्यांदेखत खाल्ला होता. ही बातमी मुंबईपर्यंत गेली आणि सरकारनं तिची दखल घेतली, याचं आम्हाला कौतुकच वाटलं.

हा सगळा खटाटोप साहेबांच्या जेवणासाठी असला, तरी साहेब जेवायला आले नव्हते. ते एक नाला पाहायला आले होते. आमच्या रेस्ट हाऊसपासून कोसभर वर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तांड्याच्या आणि घाटंजीच्या मध्ये हा नाला आडवा. पावसाळ्यात तो भरला की बाजार बंद, दवाखाना बंद. आदल्या पावसाळ्यात तांड्याचा नाईक हेमला आपल्या सुनेला बाजेवर घालून दवाखान्यात निघाला होता. पाणी उतरायची वाट पाहत ती नाल्याच्या काठावरच बाळंत झाली. मूल वाचलं नाही. तिथं पूल व्हावा म्हणून मी जागा मोजून, नकाशा काढून फाईल वर पाठवली होती. साहेबांनी जागा पाहून मान डोलवली की काम होणार होतं. जेवण करून साहेबांनी तिकडे जायचं आणि दिवस असतानाच यवतमाळला परतायचं, असा बेत होता. म्हणून हेमला नाईक सकाळपासून रेस्ट हाऊसच्या फाटकाबाहेर बसला होता. साहेबांना वाट दाखवायला तो स्वतः आला होता.

खरी गोष्ट कळल्यावर कानडेसाहेबांनी क्षणभरही वाया घालवला नाही.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” ते पी.ए.ना म्हणाले, “यांना नीट समजलेलं दिसत नाही.”

पी.ए.नी समजावून सांगितलं. साहेब परदेशात शिकलेले. तिथं ते दिवाणखान्यात बसून स्वतःच्या हातानं कोंबडीचे तुकडे भाजून खात. आता तर डॉक्टरांनी तळलेलं आणि रश्शाचं बंद केलेलं. मुंबईच्या बंगल्यात विजेवरची ग्रिल होती, जेवणाच्या टेबलावरच ठेवायची. आमच्या रेस्ट हाऊसमध्ये वीज नव्हती.

“मग निखाऱ्यांवर करा. पण आतच,” पी.ए. म्हणाले. “बाहेर साहेबांना माश्या सहन होत नाहीत.”

खानसामा हुसेनमियाँ दारात उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला. “फिकर नको साब. गिरिल तो अपने बाएँ हाथ का खेल. अंग्रेज कमिशनर मेरे हाथ का गिरिल खाके विलायत गया.”

“म्हणूनच परत आला नसेल,” मी म्हणालो, पण मनात.

हुसेनमियाँला एकच पदार्थ येत होता, कोंबडीचा रस्सा. समोरचा साहेब बघून तो त्याला निरनिराळी नावं देत असे. पण त्या वेळी त्याचा आत्मविश्वास आम्हाला हवा होता, म्हणून कुणी जास्त चौकशी केली नाही.

“कोळसा आणा,” कानडेसाहेबांनी हुकूम सोडला.

आमच्या खात्यात कोळसा म्हणजे रोलरचा कोळसा. रस्ता दाबायचा रोलर तेव्हा वाफेवर चालायचा आणि त्याला राजूरच्या खाणीतला दगडी कोळसा लागायचा. रोलर फाटकापाशीच उभा होता. मी दोन घमेली भरून आणवली. घमेलं म्हणजे ज्यात गवंड्याला माल नेऊन देतात ते लोखंडी पसरट भांडं. एका घमेल्यात कोळसा पेटवून ते आम्ही थेट डायनिंग रूममध्ये मधोमध ठेवलं. हुसेनमियाँनं कोंबड्या अख्ख्याच वरती धरल्या.

दगडी कोळशाचा धूर ज्यांनी घेतला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. डायनिंग रूममधलं टेबल दिसेनासं झालं. साहेब आत येऊन बसले होते, ते रुमाल तोंडाशी धरून बाहेर आले. त्यांच्यामागून पी.ए. आले. सगळ्यात शेवटी हुसेनमियाँ दोन्ही हातांत कोंबड्या घेऊन आला. त्या रोलरच्या पोटातून काढल्यासारख्या दिसत होत्या आणि वासही तोच येत होता.

“हा कोळसा कुणी आणला?” कानडेसाहेबांनी विचारलं.

“सर, तुम्ही सांगितला.”

“मी कोळसा म्हणालो. हा कोळसा म्हणालो नव्हतो.”

आता कोंबड्या संपल्या. घाटंजीला माणूस पाठवायचा तर जाऊन येऊन संध्याकाळ. मी फाटकाबाहेर हेमला नाईकाकडे गेलो. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता.

“नाईक, तांड्यात कोंबड्या भेटतीन का?”

“कोंबड्याले काय तोटा हाय,” तो म्हणाला. “पन साहेब नाल्यावर येईन ना?”

“जेवण झालं का येते.”

“लवकर जेवू घाला मंग त्यायले. वरतं डोंगरात आभाळ भरून राह्यलं.”

तो गेला आणि दोन तगडे कोंबडे घेऊन आला. कोसभर जाणं, कोसभर येणं, चिखलातून. तेवढ्या वेळात आम्ही सळयांचा प्रश्न हाती घेतला. कानडेसाहेबांनी स्टोअरमधून सळई मागवली. ती अर्ध्या इंचाची, स्लॅबमध्ये घालायची. तिच्यावर बोकड चढला असता. मग त्यांची नजर व्हरांड्याला टेकवलेल्या माझ्या सायकलवर गेली.

“स्पोक किती छान असतात नाही?” ते म्हणाले.

माझ्या मागच्या चाकाचे स्पोक निघाले. ते राखेनं घासले, उकळत्या पाण्यातून काढले. पुढे बरेच दिवस मी साईटवर पायी जात होतो आणि लोक विचारत होते, सायकल कुठं गेली. मी सांगत असे, मुंबईच्या साहेबांनी खाल्ली.

कोंबडे आले तेव्हा हुसेनमियाँ मला बाजूला घेऊन गेला. “साब, सच बोलू? हे गिरिल-बिरिल मैंने देखा नहीं कभी.”

“अन् तो कमिशनर?”

“वो भी रस्साच खाता था.”

शेवटी पी.ए.नीच कोट काढला. साहेबांच्या घरचा स्वयंपाकी काय करतो ते त्यांनी बंगल्यावर बघितलेलं होतं, तेवढंच भांडवल. हाडं काढून मांसाचे सारखे तुकडे करायचे. त्यांना दही, आलं-लसूण, लिंबू, मीठ आणि बेताचं तिखट चोळायचं. गावरान कोंबडा चिवट, तो निखाऱ्यावर नुसता भाजला तर साहेबांचे दात हाती आले असते. म्हणून हुसेनमियाँनं परसातल्या कच्च्या पपईचा कीस त्यात घातला. ते मुरायला वेळ द्यावाच लागतो, तिथं कुणाचा हुकूम चालत नाही. भाज्यांत पी.ए.ना ढोबळी मिरची आणि मशरूम हवं होतं. आमच्याकडे कांदे, टमाटे आणि वांगी होती. मग स्पोकवर एक तुकडा मांसाचा, एक पाकळी कांद्याची, पुन्हा तुकडा, मग वांगं, मग टमाटा, असं ओवत गेलो. हार ओवल्यासारखं ते दिसत होतं आणि तीन माणसं, त्यात एक सरकारी पी.ए., मांडी घालून तेच करत बसली होती.

बाभळीची लाकडं जाळून चांगले लाल निखारे केले. त्याला धूर नाही. निखारे घमेल्यात भरले, स्पोक घमेल्याच्या काठांवर आडवे ठेवून पाहिले. बरोबर बसले. मला हायसं वाटलं. निघायला अजून वेळ होता, नाला बघून होणार होता.

“आणि ग्रिल?” कानडेसाहेब म्हणाले.

“ग्रिलची गरज नाही सर. काठावरच बसतात.”

“साहेबांनी ग्रिल सांगितली आहे. ग्रिलशिवाय ग्रिल कशी होईल? खिडकीची काढा.”

मी पी.ए.कडे पाहिलं. पी.ए.नी छताकडे पाहिलं. सरकारी नोकरीत ही नजर लवकर ओळखता येते.

खिडकीच्या ग्रिलला कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या असतात. त्यांना होल्डफास्ट म्हणतात. त्या भिंतीत खोल घालून वर सिमेंट भरतात, म्हणजे चोरानं ओढली तरी निघत नाही. माझी ओव्हरसियरनं ओढली तरी निघत नव्हती. छिन्नी-हातोडा घेऊन दोन गवंडी लागले. प्रत्येक घावाला साहेब व्हरांड्यातून विचारायचे, काय चाललंय, आणि कानडेसाहेब सांगायचे, जेवणाची तयारी सर. मी माझ्याच कामाला शिव्या घातल्या. इतकं पक्कं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. ग्रिल निघाली तेव्हा खिडकीची चौकटही अर्धी निघाली. मग रोलरच्या भट्टीत धरून तिचा लाल रंग जाळला, घासली, धुतली आणि घमेल्यावर ठेवली. स्पोक तिच्यावर ठेवले. ते निखाऱ्यांपासून आणखी दोन बोटं वर गेले, म्हणून भाजायला दुप्पट वेळ लागला.

साहेब मात्र बेहद्द खूश झाले. कोट काढून, बाह्या दुमडून ते घमेल्यासमोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले आणि स्वतः स्पोक फिरवायला लागले. परदेशातल्या आठवणी सांगत होते. भाजलेल्या मांसाचा आणि कांद्याचा वास घरभर सुटला होता. खरं सांगतो, पदार्थ उत्तम झाला होता. पपईनं कोंबडा लुसलुशीत झालेला, कडांना करपट चव, मधे टमाट्याचा आंबटपणा.

“हे मशरूम फार सुंदर आहे,” साहेब वांग्याचा तुकडा चावत म्हणाले.

“लोकल आहे सर,” कानडेसाहेब म्हणाले.

साहेब एकेक स्पोक चवीनं भाजत होते आणि मी दारातून बाहेर बघत होतो. आमच्या अंगणात ऊन होतं, पण वरच्या डोंगरावर काळं कुट्ट झालेलं. मी दोनदा आत जाऊन म्हणालो, सर, नाला. दोन्ही वेळा कानडेसाहेबांनी डोळे मोठे केले. जेवताना साहेबांशी कामाचं बोलणं म्हणजे त्यांच्या मते असभ्यपणा. काम करताना जेवणाचं बोलणं मात्र सकाळपासून चाललं होतं.

साहेब उठले तेव्हा दिवस कलला होता. “आता तुमचा नाला राहू द्या,” ते म्हणाले. “मला यवतमाळला पोचायचं आहे. उद्या सकाळी मीटिंग आहे. जागा मी नकाशावर पाहीन.”

हेमला नाईक फाटकापाशी उठून उभा राहिला होता. जीप त्याच्या अंगावर चिखल उडवून गेली. मागच्या जीपमध्ये कानडेसाहेबांबरोबर मी होतो. मी त्याला हातानं खूण केली, कसली ते माझं मलाही माहीत नाही.

रेस्ट हाऊसहून परतायच्या रस्त्यावर तोच नाला थोडं खाली पुन्हा आडवा येतो. तिथं रपटा होता. रपटा म्हणजे पात्रात केलेला फरशीचा रस्ता. पाणी थोडं असलं की गाडी वरून जाते, जास्त असलं की थांबावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा रपटा दिसतच नव्हता. वरच्या डोंगरात पडलेलं पाणी गढूळ होऊन, झाडाच्या फांद्या घेऊन धो धो चाललं होतं. साहेब जीपमधून उतरले. कानडेसाहेब पाण्याकडे अशा नजरेनं पाहत होते, जणू ती माझीच चूक होती.

मागून हेमला नाईक चालत आला.

“हे पाणी कधी उतरतं?” साहेबांनी त्याला विचारलं.

“उतरते. कधी सांजच्याले उतरते, कधी चार दिवस नाई उतरत.”

“मग लोक काय करतात?”

“बसते, साहेब.”

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, “सर, याच नाल्यावर वर तांड्यापाशी पुलाची मागणी आहे. आपण त्यासाठीच आला होतात. मागच्या वर्षी यांच्या सुनेचं...”

“ते नंतर,” साहेब कडाडले. “आधी मला हे सांगा, इथे पूल का नाही? सरकारी रेस्ट हाऊस आहे, सरकारी अधिकारी येतात, आणि रस्त्याला पूल नाही?”

“हाच मुद्दा आम्ही मांडणार होतो सर,” कानडेसाहेब म्हणाले.

आम्ही रेस्ट हाऊसला परतलो. पाणी उतरून साहेब गेले ते तिसऱ्या दिवशी. मीटिंग हुकली. तोवर त्यांनी हुसेनमियाँचा रस्सा खाल्ला, पहिल्या दिवशी चिकन स्ट्यू म्हणून आणि दुसऱ्या दिवशी चिकन कंट्री कॅप्टन म्हणून. डॉक्टरांचं नाव कुणी काढलं नाही.

पुलाची मंजुरी इतक्या लवकर आली की तशी माझ्या सगळ्या नोकरीत दुसरी आली नाही. पण ती रपट्याच्या पुलाची. मी तांड्याची फाईल पुन्हा पाठवली. उत्तर आलं, सदर नाल्यावर एक पूल मंजूर झालेला असल्याने दुसऱ्याची आवश्यकता दिसत नाही. मला राग आला. रागाचं ओव्हरसियरला काही करता येत नाही, म्हणून मी तो पूल बांधला. चांगला बांधला. त्या पुलावरून गेलं की पलीकडे एक रेस्ट हाऊस लागतं, त्यात एक खानसामा राहतो आणि आजूबाजूला वानरं राहतात. तांड्याच्या माणसानं त्या पुलाचा उपयोग करायचा तर आधी काळ्या मातीच्या चिखलातून कोसभर खाली यायचं. बाज घेऊन ते होत नाही.

पुलाची जागा कशी ठरवावी, हे आम्हाला डिप्लोमात शिकवलं होतं. पात्राची रुंदी पाहायची, खडक कुठे लागतो ते पाहायचं, पुराची रेघ पाहायची. साहेब कुठे जेवतात ते पाहायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पूल सुरू झाला त्या दिवशी हेमला नाईक आला होता. कठड्याला हात लावून त्यानं काम पाहिलं, खाली वाकून पाणी पाहिलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, ते मुंबईचे साहेब पुन्हा येईन काय?”

“काय सांगाव? काहून?”

“आले तं आवंदा जेवाले आमच्या तांड्यात आणजा,” तो म्हणाला. “कोंबडे तं तवाबी आमचेच होते.”